न टेकलेला धागा

मला चिडायला फार मोठं कारण लागत नाही, हे आमच्या विभागात शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरी तालात धागा टेकवणारा विद्यार्थी दिसला की माझं डोकं जेवढं सटकायचं, तेवढं दुसऱ्या कशानेच सटकत नसे. आता मी त्यावरून ओरडत नाही. उठते, त्याच्या टेबलाशी जाते, धागा हातातून घेते आणि स्वतः करून दाखवते.

धागा म्हणजे नायलॉनचा, बोटाच्या पेराएवढा, प्लास्टिकच्या दांडीला बसवलेला. माझी सगळी नोकरी नागपुरात कुष्ठरोगावर काम करण्यात गेली. या रोगात माणसं चट्टा शोधत बसतात आणि तोवर आत नस मरायला लागलेली असते. ती मरते आहे की नाही हे सांगायला हा एवढासा धागा पुरतो. माणसाने डोळे मिटायचे, तळहात उताणा ठेवायचा. आपण धागा टेकवून जरासा वाकेपर्यंत दाबायचा. जिथे कळलं तिथे त्याने दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवायचं. एवढंच. फक्त टेकवण्यात ताल नको. ठेक्यात टेकवत गेलं की बधिर हाताचा माणूससुद्धा ठेक्यावर उत्तर देतो. तो लबाड असतो असं नाही, त्याला पास व्हायचं असतं.

गावात आम्ही हे अगदी काटेकोर करायचो. विभागात एकमेकांवर सराव करताना मात्र बोट ठेवून दाखवायचा कंटाळा. टेकवलं की तोंडाने ‘हो’, टेकवलं की ‘हो’, चला पुढचा. आपल्यातल्या कुणाचा हात कशाला बधिर असेल, असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं होतं.

ती इथिओपियातून आली. आमचं विद्यापीठ आणि तिकडचं एक विद्यापीठ यांच्यात करार झाला होता. संसर्गजन्य रोगांवर दोघांनी मिळून काम करायचं, तिकडच्या मुलांनी अर्धी पीएच.डी. इकडे करायची, अर्धी तिकडे. मार्गदर्शक दोन, इथे मी आणि तिथे एक प्राध्यापक. सह्या झाल्या त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि मग मोठ्या माणसांनी सगळं आमच्या गळ्यात टाकून हात झटकले. पहिली ऑनलाइन बैठक तिकडच्या तीन वाजता ठरली. मी हिशेब करून संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसले, तर पलीकडे चिटपाखरू नाही. मी अर्थातच तणतणले. दुसऱ्या दिवशी या मुलीनेच सविस्तर समजावून पाठवलं, की त्यांच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात. त्यांचे तीन म्हणजे सकाळचे नऊ. बैठक केव्हाच होऊन गेली होती आणि माझीच वाट पाहून सगळे उठले होते.

मी घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “बरोबरच आहे नं त्यायचं. सूर्य निघाल्यावरच दिवस सुरू होते. आपलीच घडी येडी आहे.”

आईला ती मुलगी न पाहताच आवडली होती.

प्रत्यक्ष आली तेव्हा भर उन्हाळा होता. होस्टेलचं काही जमेना, म्हणून मी तिला घेऊन धरमपेठेत खोल्या पाहत हिंडले. फोनवर ‘हो, हो, या’ म्हणणारी माणसं तिला दारात पाहिली की “अभी खाली नहीं है” म्हणून मोकळी होत. तिसऱ्या दारात मी भांडले. चौथ्या दारात जायच्या आधी तीच म्हणाली, “मॅडम, माझ्यासाठी रागावू नका, मला सवय आहे.” ते ऐकून मी तिला सरळ आमच्या घरी आणलं. घरात आई आणि मी दोघीच. वरची खोली रिकामी होती आणि कूलर चालत होता, आणखी काय लागतं.

आईने पहिल्या दिवशी मुद्दाम झणझणीत पाटवडीचा रस्सा केला. पोरीला परत पाठवायचं की ठेवायचं, हे बहुधा ती त्यावरून ठरवणार होती. मुलीने नाक न ओढता ताट साफ केलं आणि वाटी पुढे केली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “हे तं आपल्याच गावचं लेकरू आहे वं. कोनं नेलं होतं हिले तिकडे?”

मग दोघींची गट्टी जमली ती अशी, की मी घरात उपरी झाले. आई तिला आंबवलेलं धिरडं करून घाली, कारण तिच्या गावच्या भाकरीच्या ते सगळ्यात जवळचं होतं. ती आईला फोनवर आपल्या आईवडिलांचे फोटो दाखवी. आईला ‘आजी’ म्हणे, मला शेवटपर्यंत ‘मॅडम’. मराठी ती आईकडून शिकली, म्हणजे मले-तुले आणि काहून. ‘हो’ला तर ती आमच्या नागपुरी पद्धतीने ‘हाव’च म्हणायची. एकदा सेमिनारमध्ये पुण्याच्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी काही विचारलं आणि ही ठसक्यात म्हणाली, “हाव सर.” ते दचकले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

तिचे वडील विणकर होते. हे तिने मला अंगणात कपडे वाळत घालताना सांगितलं, अगदी सहज. वडील मागावर बसायचे, हातातला धोटा अधूनमधून निसटून पडायला लागला. घरच्यांना वाटलं वय झालं. पुढे बोटं आत वळत गेली, आणि पार वळल्यावर रोगाचं नाव कळलं. औषधाने रोग गेला. बोटं तशीच राहिली. माग विकला. “मला बोटं वळायच्या आधी माणूस शोधायचा आहे,” ती म्हणाली. तिच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात नसा तपासायची एक खोली सुरू करायचं तिच्या विद्यापीठाने ठरवलं होतं. डॉक्टरेट करून परत गेली की ती खोली हिची. तिकडच्या प्राध्यापकांनी तसं कबूल केलं होतं. त्या खोलीला खिडकी कुठे असेल हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

काम ती छान करायची. कन्हान नदीच्या पलीकडच्या गावांत आम्ही घरोघर तपासणीला जात होतो. बायका आधी तिच्या बारीक वेण्यांना हात लावून पाहत, मग तिच्यापुढे हात पसरत. तिचा धागा कधी तालात पडला नाही. मध्येच थांबायची, दोनदा एकाच जागी टेकवायची, कधी नुसताच हात हलवून टेकवायचीच नाही. आमच्या जुन्या मुलांना मी सांगायचे, तिच्याकडून शिका.

शनिवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात कॉफी व्हायची. तिच्या घरची रीत तशी होती. कॉफीच्या हिरव्या बिया लोखंडी कढईत भाजायच्या, भाजताना धूर पाहुण्यांपुढे फिरवायचा, मग कुटून, उकळून, बिनकानाच्या छोट्या कपांत ओतायची. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा प्यायल्याशिवाय उठायचं नाही. आई आयुष्यभर दुधाचा चहा प्यालेली बाई, पण त्या काळ्या कडू पाण्यासाठी शनिवारी अंघोळ लवकर उरकून बसायची. शेजारणी यायच्या. वाफाळता कप ती करंगळीवर तोलून आणून द्यायची आणि आम्ही तो पदरात धरून फुंकत बसायचो. “पोरीचे हात पाहा,” आई शेजारणींना सांगे, “चटका म्हनून लागत नाही तिले. चुलीवरच्या पोरी अशाच राह्यतात.”

आम्ही सगळ्या हसायचो. मीही हसायचे. ‘चटका बसून कळत नाही, असं होतं का हो कधी?’ हा प्रश्न मी गावागावांत दारोदार विचारलेला आहे, तोच पहिला विचारायचा असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई हट्टाने आम्हाला मारबत पाहायला घेऊन गेली. काळी आणि पिवळी, मारबतींचे दोन प्रचंड पुतळे गल्ल्यांतून निघतात आणि माणसं ओरडतात, सगळी रोगराई घेऊन जा गे मारबत. मी जन्मभर हे पाहत आले आहे. तिने अर्थ विचारला, आईने सांगितला. त्यानंतर ती एवढ्या जोरात ओरडायला लागली, की आजूबाजूची पोरं तिच्याकडे पाहून टाळ्या पिटू लागली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, गर्दी आणि गुलाल.

संक्रांत होऊन गेली होती. शनिवार होता, शेजारणी यायच्या होत्या. मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात आले. ती उजव्या हाताने बिया हलवत होती आणि मान वळवून आईशी काहीतरी हसत बोलत होती. तिच्या हाताची कड, करंगळीच्या बाजूची, कढईच्या काठाला टेकलेली होती. मी पाहत राहिले. आता ओढेल, आता ओढेल. तिने आईचं सगळं ऐकून घेतलं, उत्तर दिलं, पुन्हा हसली. हात तिथेच होता.

मी जाऊन गॅस बंद केला. आई म्हणाली, “काहून बंद केला वं?” मी मुलीला ओढून बाजूला घेतलं. तिचा हात नळाखाली धरला. फोड वर आला होता आणि ती त्याच्याकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तशी पाहत होती.

शेजारणींना मी काहीतरी सांगून परत पाठवलं, आईला देवळात पाठवलं. जेवणाच्या टेबलावर दोघी समोरासमोर बसलो. माझ्या पिशवीत धागा नेहमीच असतो.

“डोळे मीट.”

तिने मिटले. तळहात पुढे ठेवला. मी आधी डावा हात पाहिला. तो चांगला होता. मग उजवा घेतला आणि मुद्दाम, आयुष्यात पहिल्यांदा, तालात टेकवायला लागले. अंगठ्यापाशी, “हाव.” तर्जनीवर, “हाव.” मधल्या बोटावर, “हाव.” करंगळीवर, “हाव.” करंगळीच्या खाली, “हाव.” तिचा आवाज अगदी शांत होता. मग मी धागा उचलला आणि हात तसाच वरच्या वर धरून बसले.

“हाव,” ती म्हणाली.

मी हललेदेखील नाही.

“हाव,” ती पुन्हा म्हणाली. “हाव.”

तिने डोळे उघडले तेव्हा धागा हवेत होता. आम्ही दोघींनीही त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा त्या क्षणी एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला. मी तो अजून विसरलेले नाही आणि विसरायची मला इच्छाही नाही.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. मी ओरडले. म्हटलं, औषध तुझ्या खुर्चीच्या मागच्या कपाटात आहे! रोज तू ते कपाट उघडतेस, दुसऱ्यांना काढून देतेस! कधीपासून माहीत आहे तुला?

“मारबतीच्या आधीपासून,” ती म्हणाली. कोपराशी मुंग्या यायच्या. मग करंगळी परकी वाटायला लागली. विभागात सराव व्हायचा तेव्हा समोरच्याच्या ठेक्यावर ती ‘हाव’ म्हणत राहिली. रोज वाटायचं, उद्या सांगू.

“पण का? तू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर...”

“मॅडम, मला औषध माहीत आहे,” ती म्हणाली. “औषधानंतर माणसाला काय म्हणतात तेही माहीत आहे. मी त्या घरातली आहे.” वडिलांचा रोग मुलीत उतरला असं गाव म्हणेल. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. आणि विद्यापीठाला कळलं तर उपचारासाठी म्हणून प्रेमाने परत बोलावतील, जागा दुसऱ्या कुणाला जाईल. नसा तपासायच्या खोलीत बसणाऱ्या बाईचाच हात बधिर, हे कोण चालू देईल?

मी म्हटलं, मी तसं होऊ देणार नाही.

“तुम्ही नाही होऊ देणार,” ती म्हणाली. “पण तुम्ही एकट्याच आहात, मॅडम.”

मग मात्र मला रडू आलं. तिने उठून मला पाणी दिलं.

त्वचारोगाचे एक जुने डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असं मी तिला वचन दिलं आणि ते पाळलं. रुग्णाचं गुपित ते गुपितच, मग तो रुग्ण आपला विद्यार्थी का असेना. औषधं सुरू झाली. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली, बोटं ताणून पाहिली, आणि तिला बाहेर पाठवून मला म्हणाले, “रोग जाईल हो, त्याची चिंताच नको. नसेचं सांगता येत नाही. पोळ्याला आली असती तर मी छातीठोक सांगितलं असतं.”

पहिल्या डोसानंतर काही दिवसांतच तो माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. आणि कपातून, ताटातून, हातात हात घेऊन हा रोग होतच नाही. ही वाक्यं मी इतक्या ठिकाणी बोलले आहे, की झोपेतही म्हणेन. घरात ती म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आईला कुणी सांगितलं नाही. पण आईने माझ्या पिशवीतली ती गोळ्यांची पाकिटं वर्षानुवर्षं पाहिलेली होती. तसलंच एक वरच्या खोलीत तिला दिसलं असणार. पुढे औषधाने मुलीची कातडी कोरडी पडली, रंग आणखी गडद झाला, तेव्हा तर शंकाच उरली नसेल. तिने काही विचारलं नाही. धिरडं करत राहिली, पोरी-पोरी म्हणत राहिली. एका सकाळी मी पाहिलं, मुलीच्या चहाचा कप बाकीच्या कपांत नव्हता. निळ्या फुलांचा तो कप खिडकीच्या कठड्यावर एकटाच पालथा घातलेला होता.

“आई, हा कप इथे काहून ठेवला तू?”

आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

माझा तोल गेला. काय नाही ते बोलले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हटलं, माझ्याच घरात! म्हटलं, तुले मी सत्रावेळा सांगितलं नाही काय, कपानं काही होत नाही म्हणून? ती पोरगी तुले आजी म्हणते!

“मले समजते वं सगळं,” आई म्हणाली. “तुह्याइतकंच समजते. पण हात आयकत नाही.”

मग भाजी बाजूला सारून तिने मला जे सांगितलं, ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कन्हानजवळच्या त्यांच्या गावात तिला एक मोठी बहीण होती. मला मावशी होती हे मला त्या सकाळी कळलं. बहिणीला महारोग झाला म्हणून गोठ्यामागच्या खोलीत ठेवलं होतं. भाकर न्यायचं काम आईचं, तेव्हा ती परकरी पोर. “माय म्हने, दुरून ठेव आन् पलटून ये. मी ठेवत होती. ती म्हने, बाई, हात लाव नं मले एक डाव. मी पळून येत होती.” आई आपल्या हातांकडे पाहत होती. “एक दिवस भाकर तशीच पडून होती. तवापासून हे असं आहे. तू एवढी शिकली, तेच काम कराले लागली, मले वाटे, देवानंच धाडलं. पण तुह्या पिशवीले मी कधी हात लावला नाही. पाह्यलं होतं काय तू कधी?”

मी पाहिलं नव्हतं. मी तिच्यावर आणखी ओरडू शकले नाही आणि तिला माफही करू शकले नाही. कप उचलून बाकीच्यांत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कठड्यावर होता. मी आईकडे पाहिलं, तर आईने मान हलवली. नाही, तिने नव्हता ठेवला. मागून मुलगी जिना उतरून आली, चहा घेतला, उभ्याउभ्याच प्याली, कप विसळला आणि स्वतःच्या हाताने कठड्यावर पालथा घातला. आम्हा दोघींकडे पाहून हसली आणि विभागात निघून गेली. त्यानंतर तो कप रोज तिथेच असायचा. मी रोज उचलून आत ठेवी, ती रोज तिथे ठेवी.

शनिवारची कॉफी बंद झाली. प्रबंध लिहायचा आहे, वेळ नाही, असं ती म्हणायची. शेजारणी विचारून विचारून थांबल्या.

प्रबंध मात्र तिने असा लिहिला, की तिकडचे प्राध्यापक मला म्हणाले, तुम्ही आमच्या मुलीला काय खाऊ घालता? मला हसायला हवं होतं. पाटवडी, मी म्हटलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट शाबूत होती. बाजूच्या बोटाची जाण अर्धीमुर्धी परत आली. करंगळीची आली नाही. दर महिन्याला मी तपासायचे, बेतालात, आणि तिने बोट ठेवून दाखवायचं असा माझा दंडक. करंगळीवर धागा वाकायचा आणि तिचा डावा हात टेबलावर स्वस्थ पडून राहायचा. आता ती खोटं ‘हाव’ म्हणत नव्हती. मिटलेल्या डोळ्यांनी नुसती वाट पाहायची. त्यापेक्षा ते खोटं बरं होतं, असं मला दोन-तीनदा वाटून गेलं. नंतर करंगळी आत वळायला लागली.

ती परत गेली तेव्हा बाजारात संत्री आली होती. आईने पोतंभर बांधून द्यायचा घाट घातला होता, ती विमानात नेऊ देत नाहीत म्हटल्यावर रुसली. जायच्या सकाळी टॅक्सी यायला वेळ होता. आई स्वयंपाकघरात गेली, कठड्यावरचा तो निळ्या फुलांचा कप उचलून घेऊन आली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. “पोरी, कॉफी कर नं. मी ह्याच्यात पितो.”

मी हातातली तिची बॅग खाली ठेवली.

तिने तो कप आईच्या हातातून हळूच घेतला, टेबलावर ठेवला. वाकून आईच्या पायाला हात लावला. तिला ते आईनेच शिकवलं होतं. “आजी, बिया संपल्या,” ती म्हणाली.

“सगळ्या?”

“हाव आजी.”

संध्याकाळी वरची खोली झाडताना मला खिडकीत डबा सापडला. हिरव्या बिया अर्ध्याहून जास्त होत्या. मी तो डबा आईपासून लपवायला हवा होता, पण ती जिन्यात उभी होती. तिने झाकण उघडलं, वास घेतला, आणि बंद करून पदराखाली धरून खाली नेला.

आता तिला तिची खोली मिळाली आहे, खिडकीसकट. व्हिडिओवर तिने मला एकदा तिचे विद्यार्थी दाखवले, सात-आठ जण एकमेकांचे हात तपासत होते. आपसातसुद्धा बोट ठेवूनच दाखवायचं, तोंडी उत्तर चालणार नाही, हा तिचा नियम. तो ऐकून मी आमच्याकडेही तोच केला. ती शिकवत असताना उजवा हात कोटाच्या खिशात असतो. घरी सांगितलंस का, असं मी विचारलं होतं. तिने आवाज तुटतो आहे म्हणून सांगितलं. माझ्याकडे तो अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

आई शनिवारी कढईत चिमूटभर बिया भाजते. तिला ते जमत नाही, नेहमी करपतात. करपलेल्या बियांची कॉफी ती त्या निळ्या फुलांच्या कपातून पिते, तोंड वाकडं न करता, तीनदा. मग मला फोन लावायला सांगते.

“कशी आहे वं पोरी? हात बरा आहे नं?”

“हाव आजी.”

“येशील काय एक डाव? मी आहे तोवर ये. तुह्या हातची कॉफी पाजजो मले.”

“हाव आजी.”

आईचं वाक्य पुरतं संपलेलंही नसतं. आई फोन माझ्याकडे देते, एकदम खूश. “पाह्य, येतो म्हनते,” म्हणते आणि उरलेल्या बिया मोजूनमापून डब्यात परत टाकते, ती येईपर्यंत पुरायला हव्यात म्हणून. तो ‘हाव’ मी ओळखते. त्या दिवशी तिने डोळे मिटलेले होते, आणि धागा माझ्या हातात, हवेत होता.